घाटमाथ्यावरचं एक मिनिट

“रंग कोणता?” आबांनी विचारलं.

मी गाडीमागे उकिडवी बसले होते. हिंदुराव शेडगे आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होते, सोडत होते. पहिल्या दाबाला काही नसे. सोडून पुन्हा दाबला की धुराच्या नळीच्या तोंडातून एक लांब, आळसावलेला झोत बाहेर येई आणि माघातल्या थंड हवेत जमिनीसरसा पसरत जाई.

“निळा,” मी म्हणाले.

“नीट बघ, विजू. मला तर समदंच निळं दिसतंय.”

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून तेव्हा महिना झाला होता. तेव्हापासून आबांच्या जगावर कुणीतरी नीळ शिंपडली होती. दूध निळसर, सदरा निळसर, भिंतीचा चुना निळसर. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. पण धुराच्या रंगावरून इंजिनाचं दुखणं ओळखण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्या माणसाला ही सवय करून घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून धूर त्यांचा आणि डोळे माझे, अशी आमची वाटणी झाली होती. मराठी घेऊन एम.ए. झालेली मी, कुठल्याशा कॉलेजच्या बोलावण्याची वाट पाहत घाटाच्या अलीकडच्या त्या फाट्यावर, बापाच्या गॅरेजात दिवस ढकलत होते. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. पांढरा म्हणजे आत पाणी शिरलंय. निळा म्हणजे इंजिन आपलंच तेल जाळतंय. या तीन रंगांपलीकडे मला त्या दिवसांत दुसरं काही वाचावंसं वाटत नव्हतं.

बाकड्यावर शाल गुंडाळून बसलेल्या शालनवहिनी हसल्या. “मिस्त्री, मग मी कशी दिसतीय?”

“निळी.”

“कृष्णावानी! ह्यास्नी तर मी पिवळी दिसते. म्हणत्यात, लग्नातली हळद अजून उतरली न्हाई तुझी.”

“तू गप बस की जरा,” हिंदुराव गाडीतूनच म्हणाले. “मिस्त्रीला काम करू दे.”

“मी कुठं इंजनात हात घातलाय?”

हिंदुराव धरणाच्या कॉलनीत वायरमन होते. बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली आणि ही जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. घाटाखालच्या इस्पितळात नऊ ते एक या वेळात डायलिसिसच्या मशीनवर वहिनींची पाळी असे. वर, आमच्या बाजूला, जागा मिळालेली नव्हती. एक पाळी चुकली की पाय सुजत. दोन चुकल्या तर आडवं पडून श्वास घेता येत नसे. एकदा एस.टी.ने नेऊन आणताना त्या घाटातच बेशुद्ध झाल्या होत्या. म्हणून ही गाडी चालणं म्हणजे काय, हे आम्हा चौघांपैकी कुणालाही सांगावं लागत नव्हतं. आणि आज सोमवार होता.

आबांनी इंजिन चालू ठेवूनच तेलाचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला.

“फुंकर न्हाई. म्हंजी पिस्टनच्या रिंगा शाबूत हायत.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “टर्बोच्या पुढचा पाइप उतरव.”

मी क्लिप सैल करून पाइप ओढला. आतून काळंभोर तेल माझ्या मनगटावर ओघळलं. जिथून फक्त हवा जायला हवी, तिथे तेल साचलं होतं. आबांनी टर्बोच्या तोंडात बोटं घालून दांडा चाचपला. तो हलत्या दातासारखा हलला.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या उच्छ्वासावर फिरणारी पंख्यांची जोडी. एका अंगाला तापलेला धूर, दुसऱ्या अंगाला ताजी हवा, मध्ये बोटाएवढा दांडा. तो मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि या सगळ्या वेगात त्याला तोलून धरते ती केवळ तेलाची एक पातळ साय. साय फाटली की लोखंड लोखंडाला भिडतं.

“गेला,” आबा म्हणाले.

हिंदुराव खाली उतरले. “आवं मिस्त्री, दहा म्हैन्यामागं तर नवा टाकलाय. कराडात.”

“ह्योबी गेला.”

“ह्या गाडीला टर्बो खायची सवयच हाय म्हणायची.”

“गाडीला सवय नसती, हिंदुराव. सवय माणसाला असती.” आबांनी तेलाची परतीची नळी सोडवून उजेडात धरली. आत करपलेल्या तव्यासारखी काळी खरपुडी धरली होती. “हे बघा. तेल शिजलंय. घाट चढून आलं की टर्बो लालबुंद असतो. त्याच घडीला चावी फिरवली की तेल यायचं थांबतं, पर दांडा फिरतच ऱ्हातो. मग आतलं तेल करपतं. घाट चढल्या चढल्या गाडी बंद करता का?”

“न्हाई.”

“आठवा.”

“न्हाई वो. घाट संपला की म्होरं वीस किलोमीटर सरळ रस्ता. मग घर. घरी आलो तरी पोरं फाटक उघडूस्तोवर चालूच असती.”

“मग तेल हलकं घालता.”

“देवाशपथ, तुमीच सांगितलेलं घालतो.”

आबांनी नळी फडक्यात गुंडाळून ठेवली. कारण सापडलं नाही की ते असेच, मेलेल्या पाखराला झाकावं तसं वस्तू झाकून ठेवत. “नवा बसवतो. पर का गेला ते कळल्याबिगर बसवणं म्हंजी दुसऱ्याला सरणावर चढवणं. आन् एक ध्यानात ठेवा. हे तेल असंच आत शिरत ऱ्हायलं, तर एक दिवस घाटात चावी काढून हातात घेतली तरी इंजिन थांबायचं न्हाई. सोताचंच तेल पीत, फुटूस्तोवर फिरत ऱ्हाईल.”

“बया!” वहिनी म्हणाल्या. “आन् मला एक मशीन लावून चालू ठेवाय लागतंय.”

मंगळवारची पाळी शेजाऱ्याच्या जीपने झाली. बुधवारी टर्बो आला आणि आम्ही बाप-लेकीने तो दिवसभरात बसवला. गुरुवारी सकाळी आबांनी मला हिंदुरावांच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं. “नुसती बघ,” ते म्हणाले. “कुठं कसं चालवतो, काय करतो. बोलू नको. माणूस आपुन काय करतो ते सांगत नसतो, कारण त्याला ते दिसतच न्हाई.”

घाट उतरताना काही घडलं नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात चार तास बसलो. आत ओळीने यंत्रं, त्यांच्या नळ्यांतून माणसांचं रक्त बाहेर येऊन फिरून पुन्हा आत जात होतं. हिंदुरावांनी डबा उघडला आणि न खाता झाकला. एक वाजता वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा झाला होता. तरी गाडीत माझ्या शेजारी टेकल्यावर त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला.

“ताई, हितं बोट लावा.”

मनगटाच्या वर, फुगीर शिरेखाली, काहीतरी अखंड थरथरत होतं. पकडलेल्या भुंग्यासारखं.

“मशीनसाठी डागदरांनी शीर जोडून दिलीया. हे थरथराय पायजे. रोज सकाळी हे आदी बोट लावून बघत्यात, मग च्या ठेवत्यात.” त्यांनी हात मागे घेतला आणि डोळे मिटले. “लवकर चला हो. मला आडवं व्हायचंय.”

चढ सुरू झाला. दुसऱ्या गिअरमध्ये, वळणामागून वळण, टर्बोची बारीक शीळ उंच होत गेली. हिंदुराव उत्तम गाडी चालवत होते. कुठे घाई नाही, कुठे धक्का नाही. मला सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं. मग शेवटचं वळण आलं, घाटमाथ्यावरची वाघजाई दिसली, आणि त्यांनी गाडी डाव्या बाजूला घेऊन देवळाच्या पायरीशी उभी केली आणि त्याच क्षणी चावी फिरवली.

इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. बॉनेटखाली तापलेलं लोखंड टिकटिक करत होतं. त्या टिकटिकीत मला दांडा दिसत होता. अजून फिरणारा, कोरडा होत जाणारा, आणि त्याच्याभोवती शिजत चाललेलं तेल.

हिंदुराव वहाणा काढून पायरीवर उभे होते. हात जोडलेले, ओठ हलत होते. वाऱ्याने त्यांचे शब्द गाडीपर्यंत येत होते. “आई, आज नेलं न् आणलं. असंच नेऊ दे, आणू दे.” एवढंच. मग घंटेचा एक टोल. परत येऊन त्यांनी वहिनींच्या कपाळाला अंगारा लावला. वहिनींनी डोळे उघडले नाहीत.

“दर वेळी थांबता इथे?” मी विचारलं.

“म्हंजी? नवस हाय माझा. ही मशीनवर हाय तवर चढून आलो की हितं माथा टेकल्याबिगर म्होरं जायचं न्हाई. दोन वरसं झाली. एक खेप चुकवली न्हाई.”

“आणि गाडी बंद करता.”

त्यांनी चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते खोटं बोलले नव्हते. देवळाशी थांबणं हे त्यांच्या लेखी थांबणंच नव्हतं. विचारलं असतं तर त्या रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरने हेच उत्तर दिलं असतं.

मी समजावून सांगितलं. आठवड्यातून तीनदा, ऐन तापलेल्या घडीला. याच एका जागी दोन टर्बो गेले होते.

“मग मी काय करू? देवीच्या दारात इंजान धडधडत ठेवून हात जोडू? माणसाच्या घरी जातो तवाबी आपुन गाडी बंद करून आत जातो.”

“आधी एक मिनिट गाडीतच बसा. चालू ठेवून. मग बंद करा, मग उतरा.”

“दारात येऊन बसून ऱ्हायचं? आन् हिला बघा. हिला एकेक मिनिट जड जातंय.”

खरं होतं ते. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत होता. त्या वळणावर फार वेळ उभं राहण्याची सोयही नव्हती. तेव्हा मला ते वाक्य सुचलं. सुचलं तेव्हा ते मला फार नेटकं वाटलं. मी कवितेत जगत आलेली मुलगी होते, आणि दोन गोष्टी एका ओळीत बसल्या की त्या खऱ्याच असतात असा माझा समज होता.

“गाडीला एक मिनिट हवंय, देवीलाही एकच मिनिट हवंय,” मी म्हणाले. “दोन्ही एकच करा. गाडी चालू राहू दे, तुम्ही उतरून हात जोडा. परत याल तोवर टर्बो थंड झालेला असेल. लगेच निघा.”

हिंदुरावांनी देवळाकडे वळून पाहिलं. वहिनींनी डोळे न उघडताच म्हटलं, “बराबर बोलतीया पोरगी. ऐका तिचं.”

“आगं पर…”

“देवीला काय इंजान माहीत न्हाई? दिसभर ट्रका जात्यात तिच्याम्होरनं. गाडी ऱ्हायली तर मी ऱ्हाणार. तिला कळतंय ते. तुमालाच कळत न्हाई.”

ते हसले. नाइलाजाने, पण हसले. “तुमी दोघी मिळून मला देवीसंगं भांडाय लावणार.”

त्यानंतर सव्वा महिना गाडी दर शनिवारी परत येताना आमच्याकडे थांबत असे. मी मागे उकिडवी बसे, हिंदुराव दाबत आणि सोडत. काही नाही. नळीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरे. आबांनी एकदा ती परतीची नळी पुन्हा उघडली. आतून ती आरशासारखी लखलखत होती. त्या दिवशी ते दोनदा म्हणाले, “पोरीनं काढलं हुडकून.” माझ्या आयुष्यात मी कधी कुणाच्या इतक्या उपयोगी पडले नव्हते. वहिनी बाकड्यावर बसून चहाचे दोनच घोट घेत, त्यांना पाणी मोजून प्यावं लागे, आणि उरलेला कप माझ्याकडे सरकवत. “तुमी प्या. तुमच्या टर्बोला लागंल.”

फाल्गुनातल्या एका शनिवारी गाडी आली नाही. मंगळवारीही रस्त्यावरून गेलेली दिसली नाही. बुधवारी पंक्चर काढून घ्यायला आलेल्या धरणावरच्या एका माणसाने सांगितलं, शालनवहिनी गेल्या. रविवार तर होता की, तो म्हणाला. मशीनचा वारसुद्धा नव्हता. आदल्या दिवशीची पाळी नीट झाली होती, गाडी सुखरूप घरी आली होती, वाटेत थांबायला नको म्हणून ते थेट गेले होते. सकाळी हिंदुरावांनी नेहमीसारखं मनगटावर बोट ठेवलं, तर तिथे काहीच थरथरत नव्हतं. हृदय रात्रीच कधीतरी थांबलं होतं. अशा रोग्यांचं असंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी नंतर पुस्तकांतूनही वाचलं. असंच होतं.

आबा मला म्हणाले, “भेटून ये.” मी दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

चैत्रात तेच आले. भर दुपार होती. आबा दुसऱ्या डोळ्यासाठी साताऱ्याला गेले होते. हिंदुराव गाडीतून उतरले. दाढी वाढलेली, सदरा मात्र इस्त्रीचा. गाडी धुऊन पुसून आणलेली होती.

“कराडचा एक माणूस बघाय येणार हाय उद्या,” ते म्हणाले. “मला आता कुठं जायचं नसतं. त्याला काय सांगू, ते बघून द्या जरा.”

“वहिनींचं…” मी सुरुवात केली.

“व्हय,” ते म्हणाले आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले.

मी मागे गेले. ते दाबत होते, सोडत होते. मी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ तिथे बसून राहिले. काही दिसावं, एखादी बारीकशी रेघ तरी दिसावी, असं मला वाटत होतं. का वाटत होतं ते कळत नव्हतं.

“काय दिसतंय?”

“काही नाही. एकदम स्वच्छ आहे.” मी उभी राहिले आणि खिडकीपाशी आले. “इंजिन ठणठणीत आहे. टर्बो अजून पुष्कळ वर्षं जाईल. घेणाऱ्याला निर्धास्तपणे सांगा.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “कुणाच्या तरी उपयोगाला ईल.”

त्यांनी इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते समोरच्या काचेकडे बघत होते.

“ताई, तुमी शिकलेल्या हाय. एक इचारतो. राग धरू नका.”

“विचारा ना.”

“आदी देवळापशी मी गाडी बंद करायचो न्हवं, तवा तिथं लई शांत असायचं. वाराबी ऐकू यायचा. मी जे बोलायचो ते माझं मला ऐकू यायचं. मग गाडी चालू ठिवून बोलाय लागलो. तेवढंच बोलायचो, एक अक्षर कमी न्हाई. पर मागं ही धडधड. माझं मलाच ऐकू यायचं न्हाई. आन् शेवटच्या शनवारी हिला लई तरास होत हुता, म्हणून मी उतरलोबी न्हाई. चालू गाडीतनंच हात जोडलं.”

रस्त्यावरून एक टँकर गेला. तो जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“देवीला ऐकू गेलं असंल का?”

आज या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी आता एका कॉलेजात शिकवते. वर्गात कुणी काही विचारलं की थोडं थांबून, विचार करून उत्तर देते. त्या दिवशी मी थांबले नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून ते ओझं लवकरात लवकर उतरावं, एवढंच मला हवं होतं.

“गेलं असेल,” मी म्हणाले. “नक्की गेलं असेल.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. प्रथमच नीट माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता. मी काही सांगणार आहे आणि ते सांगून झालेलं नाही, अशी ती नजर होती.

“मग ही का…?” त्यांनी विचारलं.

मी खिडकीच्या काठावर हात ठेवून उभी होते. इंजिनाचा तो सारखा, निरोगी थरथराट बोटांना लागत होता. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग मला अडचणीत टाकल्यासारखं त्यांनाच वाटलं असावं, कारण ते हलकेच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई. येतो मी,” आणि माझा हात काठावरून निघेपर्यंत थांबून, गाडी रस्त्यावर घेऊन निघून गेले.